पिसाचा मनोरा आणि आमची मागची खोली

परीक्षा आल्या की मला आधी वास येतो. कूलरमधलं जुनं काळं पडलेलं गवत काढून नवं भरतात, त्याचा ओला, जंगली वास. मग दिसायला लागतं. उपटून बांधावर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, फुलं गाळून बसलेला पळस, रसवंतीच्या चरकावरची घुंगरं, आणि एसटीच्या थांब्यावर हॉल तिकिटानं वारा घेत उभी असलेली पोरंपोरी. घाटंजीत मार्च असा येतो. दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मला वीस-बावीस वर्षं मागे नेऊन एका खोलीत बसवतो.

मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. काहींना ते मिरवणं वाटतं. वाटू द्या.

परीक्षेच्या दिवसांत मला पर्यवेक्षण असतं. तीन तास एका वर्गात उभं राहायचं. समोर चाळीस माना खाली वाकलेल्या, आणि एकही तुमच्याकडे बघत नाही. बघितलंच तर पुरवणी मागायला. इतक्या माणसांत इतकं एकटं दुसऱ्या कुठल्या कामात वाटत असेल, मला माहीत नाही. पंखा फिरतो, कागद फडफडतात, आणि मी खिडकीशी उभी राहून भिंतीची उभी कड बघते. ती सरळ आहे का, हे बघते. बापाकडून आलेली खोड.

माझे वडील गवंडी होते. घाटंजीत आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्या हातची घरं अजून उभी आहेत. रस्त्यानं जाताना मला ती ओळखू येतात, कोपऱ्यावरून. बाबांचा कोपरा सुरीनं कापल्यासारखा असायचा. वाकडी भिंत त्यांनी आयुष्यात एकच बांधली. ती आमच्या घरात आहे, मागच्या खोलीची, दक्षिणेकडची. आणि यंदा तिला बोट जाईल एवढी चीर पडली आहे. ठेकेदार येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, पावसाआधी पाडून टाकू. सोमवारी मशीन आणतो." मी बरं म्हटलं. घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आई मी चौथीत असताना गेली, बाबांना जाऊन दोन उन्हाळे झाले. ठेकेदार गेल्यावर चहा केला, आणि सवयीनं दोन कप मांडले.

बाबांचा एक नियम होता. आमच्याकडची माती काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि इतकी फाटते की भेगेत पूर्ण काठी जावी. अशा जमिनीवर घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खोदायचं, जोतं भरायचं, आणि मग थांबायचं. "जोत्याले एक पावसाळा दाखवा," बाबा घरमालकाला सांगायचे. एक पावसाळा खाऊन जोतं जेवढं बसायचं तेवढं बसलं, की मग भिंत. मालक चिडायचे. कुणाचं लग्न असायचं, कुणाचा साहेब घाई करायचा. बाबा ऐकायचे नाहीत. "मंग दुसरा मिस्त्री पाहा," म्हणून ओळंबा पिशवीत टाकायचे आणि चालू लागायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळेचं वजन. ते खाली सोडलं की भिंतीची लबाडी कळते.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, घरात एकच खोली, तिच्यातच चूल. परीक्षा तोंडावर आलेली. बाबांनी घरामागची जागा मोकळी केली आणि महिन्याभरात खोली उभी केली. तिथली काळी माती खोल होती, मुरूम लागता लागेना, आणि पावसाळा दाखवायला वेळ नव्हता. माझी परीक्षा पावसाळ्याआधी होती. त्या खोलीत मी अभ्यास केला, पास झाले, आणि जुलैत भिंत खचली. पडली नाही. एका अंगाला जराशी झुकून थांबली, एखादं माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकायला कलतं तशी. गावात थट्टा झालीच. "मिस्त्रीच्या घरचीच भिंत वाकडी हो!" बाबा हसायचे. पण ओळंबा काही त्यांनी त्या भिंतीला कधी लावला नाही माझ्यादेखत.

पुढच्या वर्षी, शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात, मध्ययुगीन युरोप होता. त्यात पिसा.

मी इटलीला गेलेले नाही. जाणार आहे असंही नाही. पण पिसाचा तो चौक मला आमच्या बाजारासारखा पाठ आहे. हिरव्या गवतावर चार पांढऱ्या इमारती. मधोमध कॅथेड्रल, संगमरवराचं, अंगावर करड्या दगडाचे पट्टे, दर्शनी बाजूला खांबांच्या कमानी एकावर एक चढवलेल्या. समुद्रापलीकडच्या एका शहराचं बंदर लुटून आणलेल्या धनातून ते उभं राहायला लागलं. भिंतींत जुने रोमन दगड तसेच वापरले आहेत, काहींवरची अक्षरं उलटी बसली आहेत. बाबांना हे फार आवडलं होतं. "गवंड्याले अक्षर कायले पाहिजे? दगडाची बाजू चांगली पाहिजे." समोर गोल इमारत, बाप्तिस्म्याची. तिच्यात एकानं सूर लावला तर घुमट तो इतका वेळ धरून ठेवतो की गाणारा स्वतःच्याच आवाजाला साथ देऊ शकतो. बाजूला लांबट दफनभूमी. तिच्यासाठी जहाजं भरून पवित्र भूमीतली माती आणली, असं सांगतात. आणि मागे मनोरा. खरं तर ते कॅथेड्रलचं घंटाघर. घंटा टांगायला बांधलेलं काम. पण वाकडा निघाला आणि सगळं नाव त्याचंच झालं. बाकीच्या इमारतीही त्या मातीत थोड्याथोड्या बसल्या आहेत, पण तिकडे कुणी बघत नाही. फोनवर फोटो बघते तर लोक हवेत हात धरून मनोऱ्याला टेकू दिल्याचं नाटक करतायत, आणि कॅथेड्रलकडे सगळ्यांची पाठ.

तेव्हा माझ्याकडे एक झेरॉक्स होती. काळीकुट्ट, कडा पुसलेली. एका संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, आणि खोलीच्या दारात उभे राहिले.

"काय वाचून राह्यली वं, इतकी मान घालून?"

"इटलीतलं चर्च हाये बाबा. त्याच्या बाजूचा मनोरा वाकडा झाला, तेच."

"दाखव बरं."

खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसून त्यांनी कागद घेतला. लांब धरला. एक डोळा मिटला.

"माती कोनती?"

"मऊ हाये. गाळ, रेती, शिंपले. पहिले तिथं पानी होतं म्हणे."

"मंग मुरूम लागेपर्यंत खोदाव ना त्याईनं."

मला हसू आलं. "त्याईले का आपल्या घाटंजीचा मुरूम भेटनार हाये, बाबा?"

"मुरूम सगळीकडं असते. कुठं कुठं खोल असते, एवढंच."

मग मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत मनोरा कलायला लागला. मग लढाया सुरू झाल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ शंभर वर्षं. मग नवी माणसं आली. त्यांनी वरचे मजले बांधताना खचलेल्या बाजूचा थर थोडा उंच घेतला, तोल सावरायला. म्हणून मनोरा नुसता कललेला नाही, मधून किंचित वाकलेलाही आहे.

बाबा खाली बसले. "शंभर वर्स थांबले?"

"जवळजवळ."

"मंग थांबले म्हनून वाचले."

"काहून?"

"एका दमात आठ मजले चढवले असते त्या मातीवर, तं कवाच पडला असता. मधात जमीन बसली. तिले पावसाळे भेटले. माती वजन घेते वं बाई. पन तिले टाइम पाहिजे."

त्यांची नजर कागदावरून उठून शेजारच्या भिंतीवर गेली आणि परत कागदावर आली. मी ते पाहिलं, पण मला त्याचा अर्थ लावायचा नव्हता. मला नोट्स काढायच्या होत्या.

"शंभर वर्सानं पह्यल्यांदा थापी हातात घेतली तो कोन होता?" त्यांनी विचारलं.

"नाव नाई हाये पुस्तकात."

"आन पह्यले सुरू केलं त्याचं?"

"त्याचंही पक्कं नाई."

"म्हंजे गवंडीच असतीन," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मनापासून हसले.

वर्गात सराव परीक्षा झाली. त्यात मी ते लिहिलं. चांगल्या भाषेत, लांब वाक्यात: कामात पडलेल्या खंडामुळे जमिनीला स्थिर होण्यास अवधी मिळाला आणि त्यामुळेच मनोरा टिकला असावा. कॉलेज यवतमाळला होतं, मी रोज एसटीनं जायची. वर्गात वकिलांच्या, साहेबांच्या मुली. माझ्या बोलण्यात 'मले' निसटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. सरांनी माझी उत्तरपत्रिका सगळ्यांसमोर उचलून धरली. म्हणाले, "हे आपल्या पुस्तकात नाही. कुठे वाचलंस?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. अशा वेळी सांगता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं.

मी म्हटलं, "लायब्ररीत, सर. पुस्तकाचं नाव आठवत नाही."

संध्याकाळी बाबा ओट्यावर वाट बघत होते.

"सर काय म्हने?"

"चांगलं लिवलं म्हणे."

"ते थांबल्याचं लिवलं का?"

"लिवलं."

"मंग त्याईनं इचारलं असन, कोनं सांगतलं म्हनून?"

मी चपलेचा पट्टा सोडत होते. सोडतच राहिले. सुटला तरी सोडत राहिले. मग बाबांनी भांड्यांच्या धुण्याच्या पाण्याची बादली उचलली आणि घरामागे गेले. मागच्या भिंतीला लागून एक गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, झाड होतं, त्याला ते रोज पाणी टाकायचे. पाणी पडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. पुस्तकात काय आहे, हे त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. पेपर कसा गेला, एवढंच.

परीक्षेआधी आम्ही कळंबला गेलो, चिंतामणीला. यवतमाळकडची पोरं जातातच. तिथे देवाकडे जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. लोक देव बघत होते, बाबा दगडाचे सांधे. वर आल्यावर म्हणाले, "खोल हाये म्हनून टिकलं." मी हूं म्हटलं. एसटीत मी झेरॉक्स काढून वाचत बसले, ते खिडकीतून बाहेर बघत बसले. बोलायला दोघांकडे तासभर होता.

आणि पेपरात पिसा आलंच नाही. सरंजामशाहीवर प्रश्न आला. कुणाचं तरी उचललेलं माझ्या कामीही पडलं नाही.

पुढे नोकरी लागल्यावर, इंटरनेट हाताशी आल्यावर मी ते सगळं पुन्हा वाचलं. मोठमोठे इंजिनिअर तेच म्हणतात. तो खंड पडला नसता तर मनोरा पडला असता. हेही वाचलं की अगदी आताच्या काळात तो फारच कलला तेव्हा बरीच वर्षं लोकांना आत जायला बंद केलं, आणि उंच राहिलेल्या बाजूच्या पायाखालून थोडीथोडी माती काढली. एकदम नाही. चमच्याचमच्यानं म्हणावी इतक्या धीरानं. मनोरा किंचित मागे आला. त्या दफनभूमीचंही वाचलं. दुसऱ्या महायुद्धात तिच्या छताला आग लागली, छपराचं शिसं वितळून भिंतींवरच्या चित्रांवर ओघळलं. उरलेली चित्रं वाचवायला सोलून काढली, तर त्यांच्याखाली गेरूनं काढलेल्या पहिल्या कच्च्या रेघा निघाल्या. शेकडो वर्षं कुणाला दिसल्या नव्हत्या.

मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. "बाबा, तुम्ही म्हटलं होतं ना, थांबले म्हणून वाचले? इंजिनिअरही तेच म्हणून राह्यले!"

तोवर ते थकले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कोनतं वं?"

ते विसरले होते, की मला सोडवत होते, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यांत आमचं भांडण व्हायचं ते पाण्यावरून. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि हे बादली घेऊन मागे. गोडलिंब तर केव्हाच वाळून गेलेला, नुसता खुंट उरलेला. मी ओरडायची, "बाबा, मेलेल्या झाडाले कायले पानी टाकता?" ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे वं. सवय हाये." म्हातारपणाचं खूळ, असं मी शेजारी सांगितलंसुद्धा. ते गेले तशी ती बादली मी उलटी करून ठेवली. तिच्यावर आता मांजर बसतं.

परवा शुक्रवारी नमाजानंतर युसूफचाचा आले. चाचा सेंट्रिंगचं काम करायचे, स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्या लावायचे. बाबांबरोबर तीस वर्षं. भिंत पाडायची म्हणून मीच निरोप दिला होता, खोलीतल्या फळ्या कामाच्या असतील तर घेऊन जा म्हणून. चाचांनी फळ्या पाहिल्याच नाहीत. खोलीमागे गेले, चिरेत बोट घातलं, उकिडवे बसून जमीन पाहिली. भिंतीच्या पायथ्याशी माती फाटली होती.

"पानी कब से बंद है, बेटा?"

"कोणतं पाणी, चाचा?"

"अरे, तेरा बाप डालता था वो."

"ते तर गोडलिंबाले टाकत."

चाचा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "गोडलिंब को? वो तो कब का मर गया ना. उसके बाद किसको डालता था, भूत को?" मग त्यांनी तळहातानं डोळे पुसले. "दीवार को पिलाता था, पगली. काली मिट्टी है. सूखी तो फटती, फटी तो जोते को खींचती. गरमीभर थोड़ी गीली रखी तो अपनी जगह पे रहती. एकदम नहीं, रोज थोड़ा थोड़ा. मेरे को बोलता था, युसूफ, घाई मैंने करी, अब जिंदगीभर पानी भी मैंइच डालूंगा."

वीस उन्हाळे. माझ्या प्रत्येक परीक्षेचे, आणि नंतर मी घेतलेल्या परीक्षांचे.

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी," मी म्हटलं.

"कैसे बोलता?" चाचा उठत म्हणाले. "तेरी परीक्षा रहती थी ना."

चाचा गेल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसले. चिरेजवळचा गिलावा एका जागी सुटला होता. खालच्या विटांवर गेरूची एक उभी रेघ दिसली. गेरूत बुडवलेली दोरी ताणून टणकन सोडली की उमटते तशी. भिंतीपेक्षा जरा वेगळ्या वाटेनं गेलेली. ओळंब्याची रेघ. म्हणजे त्यांनी लावला होता ओळंबा. भिंत खचल्यावर, गिलावा चढवायच्या आधी, मी घरी नसताना लावला होता.

सर, तुम्ही आता कुठे आहात मला माहीत नाही. ते वाक्य लायब्ररीतलं नव्हतं. माझ्या बापानं सांगितलं होतं. गवंडी होता.

रविवारी ठेकेदाराचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी मशीन घेऊन येतो."

"नका आणू," मी म्हटलं.

"काहून? कुणी दुसऱ्यानं कमी रेट दिला का?"

"नाही. एक पावसाळा दाखवू तिला. मग बघू."

तो काही तरी बोलत राहिला, पावसाबद्दल, जबाबदारीबद्दल. त्याचं चूक नव्हतं. त्या खोलीत मी झोपत नाही आता, सामानही बाहेर काढलं आहे. पण घाई एकदा झाली आहे तिथे. पुन्हा करायची नाही.

फोन ठेवून मी मांजर उठवलं आणि बादली सरळ केली. भांड्यांच्या धुण्याचं पाणी भरलं, मागे गेले, गोडलिंबाच्या खुंटाशी ओतलं. भेगेनं ते आवाज न करता गिळलं. काही दिसलं नाही, काही बदललं नाही. फक्त ओल्या काळ्या मातीचा वास आला, आणि तो मला एकदम ओळखीचा वाटला. वीस वर्षं त्या खोलीत वाचत-लिहीत बसताना खिडकीतून हाच वास येत होता, आणि मला वाटायचं, परीक्षेचे दिवस आले.

उद्या माझं सकाळचं पर्यवेक्षण आहे, आणि नळ येणार नाही. दोन बादल्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.